मॅकबेथला सगळं माहीत होतं

शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ हे नाटक वर्गात शिकायला घेतलं की एक प्रश्न आज ना उद्या फळ्यावर येतोच : डंकन राजाच्या खुनाला जबाबदार कोण? चेटकिणी, मॅकबेथची बायको लेडी मॅकबेथ की मॅकबेथ स्वतः? लगेच तट पडतात. एक गट म्हणतो, चेटकिणींनी ‘तू राजा होशील’ असं भविष्य सांगितलंच नसतं तर हे त्याच्या मनातही आलं नसतं. दुसरा म्हणतो, बायकोनं टोचून टोचून त्याला भरीला घातलं. तिसऱ्या गटाकडे गाईडातलं उत्तर तयार असतं : अतिमहत्त्वाकांक्षा हा नायकाचा दोष आणि त्या दोषापायी त्याचा नाश. तिन्ही उत्तरांना मार्क मिळतात.

माझी तक्रार मार्कांबद्दल नाही. या तिन्ही उत्तरांतून नाटकातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट निसटते, आणि ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपर्यंत पोचावी असं मला फार मनापासून वाटतं. ती अशी, की मॅकबेथला सगळं माहीत असतं. खून करण्याच्या आधीच. आपण काय करायला निघालो आहोत, ते का वाईट आहे, त्याचा शेवट काय होणार, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्याइतकं लख्ख ते नाटकातल्या दुसऱ्या कुणालाच दिसत नाही.

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश काढून बघा. आत मेजवानी चालली आहे, राजा पाहुणा म्हणून मुक्कामाला आलाय, आणि यजमान मधेच उठून बाहेर आलाय. एकटाच बोलतोय. एका घावात सगळं निभावणार असेल तर परलोकाची जोखीम घ्यायला तो तयार आहे. पण इथं, याच जगात, आपण जो रक्तपाताचा धडा देतो तो उलटून देणाऱ्यावरच येतो, हे त्याला दिसतंय. मग तो एकेक कारण मांडत जातो. डंकन माझा नातलग. मी त्याची प्रजा. आज तर मी त्याचा यजमान, मारेकऱ्याला दार बंद करणं माझं काम, आणि सुरा माझ्याच हातात? शिवाय हा राजा किती सौम्य, कारभारात किती निष्कलंक. त्याचे गुण देवदूत होऊन कर्ण्याच्या आवाजात दाद मागतील. करुणा एखाद्या नुकत्या जन्मलेल्या उघड्या बाळासारखी वादळावर स्वार होऊन येईल, आणि डोळ्यांत इतकं पाणी आणेल की त्यात वारासुद्धा बुडेल.

आमच्या इंग्रजीच्या बाईंनी या स्वगतासाठी फळ्यावर दोन रकाने आखले होते. एकात खून का करावा याची कारणं, दुसऱ्यात का करू नये याची. मुलं ओळी शोधून सांगायची, बाई लिहायच्या. ‘करू नये’चा रकाना खालपर्यंत भरला. ‘करावा’च्या रकान्यात शेवटपर्यंत एकच गोष्ट आली, ती म्हणजे महत्त्वाकांक्षा. आणि तीही मॅकबेथ स्वतःच हिणवून सांगतो : घोड्यावर झेप घ्यायला जाते आणि पलीकडे जाऊन आदळते. बाईंनी खडू ठेवला आणि विचारलं, “मग?” वर्गात कुणाला उत्तर देता आलं नाही. गाईडात ते नव्हतंच.

त्या ‘मग’चं वजन मला बऱ्याच वर्षांनी कळलं. शाळा नावाची सगळी रचना एका श्रद्धेवर उभी असते. मुलांना समजावून सांगितलं, त्यांना पटलं, की ती नीट वागतील. म्हणून धडे, म्हणून बोधकथा, म्हणून ‘या पाठातून तुम्ही काय शिकलात’ हा प्रश्न. आणि त्याच शाळेत, त्याच वेळापत्रकात, इंग्रजीच्या तासाला एक माणूस उभा राहतो आणि सगळं समजून, सगळं पटून, उत्तम भाषेत मांडून झाल्यावर जाऊन खून करतो. कळतं पण वळत नाही, हे आपण लहान मुलांना रागावताना म्हणतो. इथं ते एका पूर्ण शहाण्या माणसाबद्दल खरं ठरतं, आणि त्याला वळण लावणारं नाटकात कुणी नाही.

शेक्सपिअरनं हे जाणूनबुजून केलंय, असं म्हणायला पुरावा आहे. त्यानं ही गोष्ट राफेल हॉलिनशेडच्या बखरीतून घेतली. ती पहिल्यांदा १५७७ मध्ये छापली गेली आणि १५८७ मध्ये तिची वाढवलेली आवृत्ती आली. त्या बखरीतल्या मॅकबेथकडे सबबी होत्या. तिथला डंकन कारभारात ढिला आहे. त्यानं आपल्या धाकट्या वयाच्या मुलाला, माल्कमला, वारस नेमून मॅकबेथचा हक्क डावलल्याची तक्रारही तिथं आहे. कटात मॅकबेथचा सोबती सरदार बँक्वो सामील आहे. आणि खुनानंतर मॅकबेथ दहा वर्षं बऱ्यापैकी न्यायानं राज्य करतो, मग बिघडतो. इतिहासातला मॅकबेथ तर १०४० पासून १०५७ पर्यंत राजा होता, आणि त्याचा डंकन मेला तो लढाईत.

शेक्सपिअरनं या सबबी एकेक करून काढून टाकल्या. डंकन म्हातारा, मायाळू आणि भला केला. बँक्वोला कटातून सोडवला. यामागे वेगळंही कारण होतं : १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बँक्वोचा वंशज मानत होता, आणि नाटक लिहिलं गेलं ते साधारण १६०६ च्या सुमारास, राजाला पार्लमेंटसकट उडवून देण्याचा १६०५ चा कट अजून ताजा असताना. राजाच्या पूर्वजाच्या हाताला रक्त लावणं कुणालाच परवडलं नसतं. पण बाकीचे बदल राजाच्या मर्जीनं समजत नाहीत. झोपलेल्या पाहुण्या राजाला मारण्याचा प्रसंग डंकनच्या कथेत नव्हताच. डफ नावाच्या आणखी जुन्या राजाच्या हकिगतीतून, डॉनवाल्ड आणि त्याच्या बायकोच्या गोष्टीतून, तो उचलून इथं बसवला. म्हणजे आपल्या नायकाचा गुन्हा शक्य तितका वाईट करायचा आणि मग त्याच नायकाला तो गुन्हा कळण्याची सगळ्यात मोठी ताकद द्यायची. वर्गात ही तुलना करून दाखवायला अर्धा तासही लागत नाही, आणि तरी ती बहुतेक ठिकाणी ‘लेखकाचा काळ’ अशा टिपेत एका ओळीत उरकली जाते याचं मला वाईट वाटतं.

चेटकिणींबद्दल थोडक्यात. त्या ‘खून कर’ असं कुठेही म्हणत नाहीत. तू राजा होशील एवढंच म्हणतात. तेच शब्द बँक्वोही ऐकतो, आणि तिथल्या तिथे बजावतो की अंधाराचे हस्तक आपल्याला खड्ड्यात घालण्यासाठी आधी किरकोळ खऱ्या गोष्टी सांगून विश्वास कमावतात. मॅकबेथ शेजारीच उभा असतो. म्हणजे इशाराही मिळालेला आहे.

आता लेडी मॅकबेथ. त्याच सातव्या प्रवेशात ती येते तेव्हा तो सांगून टाकतो, हे प्रकरण आपण पुढं न्यायचं नाही. आणि पन्नासेक ओळींत तो तयार होतो. या ओळी वर्गात सावकाश वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. ती त्याच्या एकाही मुद्द्याला उत्तर देत नाही. डंकन नातलग आहे, पाहुणा आहे, भला आहे, यावर तिच्याकडे बोलायला काहीच नाही. ती त्याला भित्रा ठरवते. तो म्हणतो, पुरुषाला शोभेल ते सगळं करायला मी तयार आहे, त्यापलीकडे जो जातो तो पुरुषच नव्हे. नाटकातलं हे त्याचं शेवटचं शहाणं वाक्य असावं असं मला वाटतं. कारण ती उलटून म्हणते, हे करायची हिंमत तुझ्यात होती तेव्हा तू पुरुष होतास, आणि त्यावर तो विचारतो : आणि फसलो तर?

तिथंच तो हरला. ‘करावं का’ हा प्रश्न गेला आणि ‘जमेल का’ हा आला. ‘जमेल का’चं उत्तर तिच्याकडे तयार आहे : पहारेकऱ्यांना दारू पाजायची, आळ त्यांच्यावर घालायचा. पुढं फक्त तपशील ठरवायचे उरतात. वाचणाऱ्या वर्गाला हा सांधा बोटानं दाखवता येतो. एरवी आयुष्यात तो दिसत नाही.

मुलगा म्हणून त्या वयात हा प्रवेश ऐकताना मला जे झालं ते सांगायला हवं. ‘मर्द असशील तर’ या शब्दांनी सुरू होणारी आव्हानं मैदानावर, स्वच्छतागृहाच्या मागे, शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही सगळेच ऐकत होतो आणि देतही होतो. त्यांना उत्तर असू शकतं हे कधी मनात आलं नव्हतं, कारण ते विधान म्हणून येतच नाही. ते येतं तेव्हा पोट आवळतं आणि पाय आपोआप पुढं पडतात. आणि इथं एक कसलेला योद्धा, रणांगणावर शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा फाडणारा, त्याच आव्हानापुढं गळपटतो. लढाईतलं शौर्य या एका वाक्यापुढं त्याच्या काही कामाला येत नाही. बाईंनी यावर भाषण दिलं नाही याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. त्यांनी फक्त तो प्रवेश पुन्हा वाचायला लावला आणि दोन्ही भूमिका मुलांनाच दिल्या. हसू उसळलं, मग ओसरलं. शेक्सपिअरच्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका कोवळ्या वयाचे मुलगेच करत. म्हणजे लेडी मॅकबेथची ती भयंकर वाक्यं पहिल्यांदा उच्चारणारा कुणीतरी आमच्याच वयाच्या आसपासचा असणार.

मोठ्यानं वाचण्याला पर्याय नाही, हे माझं मत याच नाटकानं पक्कं केलं. डावीकडे मूळ आणि उजवीकडे सोपं इंग्रजी अशी पुस्तकं मिळतात. अडल्यावर उजवीकडे बघावं, त्यात काही वावगं नाही. पण उजवं पान खुनानंतरचा प्रवेश देऊच शकत नाही. मॅकबेथ वरून खाली आला आहे. ‘तू बोललास ना?’ ‘कधी?’ ‘आत्ता.’ ‘मी खाली येताना?’ ‘हो.’ कथानकाच्या दृष्टीनं या संवादात काहीही घडत नाही. सारांश लिहायचा तर हा भाग गाळावा लागेल. पण वर्गाच्या दोन टोकांना बसलेली दोन मुलं ते तुटके शब्द एकमेकांकडे टाकू लागली की खोलीचा नूर पालटतो. राजाचा खून शेक्सपिअरनं रंगमंचावर दाखवलेलाच नाही. दाखवले आहेत ते खुनानंतर एकमेकांचे आवाजही ओळखू न येणारे दोघं. आणि त्यातही त्याला छळतं काय, तर झोपेतून जागं झालेलं कुणीतरी प्रार्थना पुटपुटलं, तेव्हा प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचं ‘आमेन’ त्याच्या घशातच अडकलं. खून करून आलेला माणूस विचारतोय, मला आमेन का म्हणता आलं नाही? लेडी मॅकबेथ म्हणते, याचा इतका खोल विचार करू नकोस, वेड लागेल. वेड शेवटी तिलाच लागतं. थोड्याशा पाण्यानं हे धुऊन निघेल असं म्हणणारी बाई पाचव्या अंकात झोपेत चालत हात चोळत राहते.

हे नाटक शेक्सपिअरच्या हयातीत छापलं गेलं नाही. तो १६१६ मध्ये वारला. त्याचे नटमंडळीतले सोबती जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल यांनी १६२३ मध्ये ३६ नाटकांचा मोठा ग्रंथ काढला, त्यात ते पहिल्यांदा आलं. त्यातली १८ नाटकं तोवर कुठेच छापलेली नव्हती. तो ग्रंथ निघाला नसता तर मॅकबेथ बहुधा आपल्याला मिळालंच नसतं. त्याच्या शोकांतिकांमध्ये ते सगळ्यात छोटं आहे, हॅम्लेटच्या निम्म्याहून थोडंच मोठं. रंगमंचावर ते सुसाट पळतं. वर्गात मात्र त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि मला वाटतं हा त्याचा फायदाच आहे. कारण सातव्या प्रवेशातलं ते थांबणं, विचार आणि कृती यांच्यातली ती जागा, थांबल्याशिवाय दिसत नाही.

आणि पुढं नाटक दाखवतं ते या जागेचं आक्रसत जाणं. डंकनच्या वेळी त्याला अख्खं स्वगत लागलं, बायको लागली, हवेत तरंगणारा सुरा लागला. बँक्वोच्या वेळी तो मारेकरी नेमतो आणि बायकोला सांगतही नाही. त्यानंतर म्हणतो, रक्तात इतका पुढं आलोय की आता परत फिरणं आणि पलीकडे जाणं सारखंच कंटाळवाणं. भीती राहिलेली नाही, राहिलाय तो कंटाळा. मग चौथ्या अंकात तो ठरवूनच टाकतो : यापुढं मनात जे पहिलं येईल तेच हात पहिलं करेल. माहिती अजूनही सगळी आहे, पण तिला उभं राहायला जागाच तो ठेवत नाही.

त्या निश्चयाचं पहिलं फळ म्हणजे त्याच्या विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या घरावरचा हल्ला. लेडी मॅकडफ आणि तिचा लहान मुलगा यांचा तो प्रवेश परीक्षेत क्वचित विचारला जातो. मुलगा हुशार, आईला उलट प्रश्न विचारणारा, बाप नसला तर मी पाखरांसारखा जगेन म्हणणारा. तिला पळायला सांगितलं जातं तेव्हा ती म्हणते, मी कुणाचं काही वाईट केलेलं नाही. आणि लगेच स्वतःच म्हणते, पण मी या जगात आहे, इथं वाईट करणाऱ्याची वाखाणणी होते आणि भलं करणं हा धोकादायक वेडेपणा ठरतो. डंकनचा खून पडद्याआड ठेवणाऱ्या शेक्सपिअरनं हा मुलगा मात्र सगळ्यांदेखत मारलाय. शिकवताना कुणी हा प्रवेश वेळेअभावी गाळणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, दुसरं काहीही गाळा.

कारण त्याशिवाय पुढचं मॅकडफचं वाक्य समजत नाही. बातमी कळल्यावर तो पुन्हा पुन्हा विचारतो, सगळी? माझी सगळी गोजिरवाणी पिल्लं? माल्कम त्याला म्हणतो, पुरुषासारखा उभा राहा. मॅकडफ म्हणतो, राहीन, पण पुरुषासारखं मला ते आधी सोसायलाही हवं. सातव्या प्रवेशात लेडी मॅकबेथनं जो डाव टाकला, त्याचं उत्तर इथं, तीन अंक उलटून गेल्यावर, एका दुसऱ्याच माणसाच्या तोंडून मिळतं. रडता येणं हे पुरुष असण्याचाच भाग आहे, हे त्या वर्गात आम्हा मुलांना कुणीतरी इतक्या सरळ शब्दांत सांगितलं, ते असं.

मॅकबेथचं ‘टुमॉरो अँड टुमॉरो अँड टुमॉरो’ हे भाषण वक्तृत्व स्पर्धेत सुटं म्हटलं जातं, आयुष्य निरर्थक आहे असं सांगणारं चिंतन म्हणून. मला ते तसं ऐकवत नाही. ते बायको गेल्याच्या बातमीनंतरचं बोलणं आहे. आणि त्याच्या थोडंच आधी तो म्हणून गेलाय की म्हातारपणी माणसाला जे मिळायचं, मान, प्रेम, मित्रांचे थवे, त्यातलं काहीच मला मिळणार नाही. आयुष्याला अर्थ कशानं येतो हे ज्याला यादी करून सांगता येतं, तोच पुढं अर्थच नाही म्हणतो. हे तत्त्वज्ञान म्हणून शिकवलं तर मुलांची दिशाभूल होते. एका विशिष्ट माणसानं आपल्या हातानं काय उद्ध्वस्त केलं, त्याचा हा हिशोब आहे.

शेवटच्या भाषणात माल्कम नव्या राज्याची घोषणा करतो आणि मॅकबेथ जोडप्याला एका ओळीत निकालात काढतो : हा मेलेला खाटीक आणि त्याची राक्षसी राणी. परीक्षेत एकच प्रश्न ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन : माल्कमचं वर्णन तुम्हाला मान्य आहे का? आमच्या वर्गात यावर शेवटचे दोन तास वाद झाला. पुरावा बघितला तर माल्कमचं काहीच चुकत नाही. झोपलेला म्हातारा, मित्र, एक बाई, मुलं. खाटीक हा शब्द सौम्यच म्हणावा लागेल. पण माल्कमनं ती स्वगतं ऐकलेली नाहीत, असं मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. मी उठून म्हणालो, ऐकली असती तर त्यानं आणखी वाईट शब्द वापरला असता, कारण न कळता केलेल्यापेक्षा कळून केलेलं जास्त वाईट. माझं मत आजही तेच आहे. तिनं पाचव्या अंकातलं पान उलटून दाखवलं. शेवटच्या लढाईत सगळ्यांना कापत सुटलेला मॅकबेथ एकट्या मॅकडफला टाळत असतो, आणि समोर आल्यावर त्याला म्हणतो, मागं फिर, तुझ्या माणसांच्या रक्तानं माझा जीव आधीच जड झालाय. हे वाक्य कुठल्या खाटकाच्या तोंडी बसतं ते सांग, असं ती म्हणाली. तेव्हा मला सांगता आलं नाही, आणि त्याला दोषमुक्त न करताही तिचं बरोबर होतं.